घेतलेला गेम, राहिलेला गेम

एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा या अमेरिकी कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढलं. किंमत अडीच डॉलर. गेम दुकानांत येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. चिलखत चढवलेला घोडा ऐटीत दिसायचा, पण त्याने गोष्ट तिळभरही पुढे सरकत नव्हती. खेळणाऱ्यांनी कंपनीची यथेच्छ टिंगल केली आणि चिलखत घेतलंही. २०२५ मध्ये तोच गेम नव्या रूपात आला, तेव्हा जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी त्यात घोड्याचं नवं चिलखत होतं. १९ वर्षांत टिंगलीची परंपरा झाली.

विकत घेतलेल्या गेमला नंतर वेगळे पैसे देऊन जोडायच्या भागाला डीएलसी म्हणतात. कधी तो घोड्याचा साज असतो, कधी एखादं पात्र, कधी अख्खी नवी कथा. मी स्वतः काही खेळत नाही, पण आमच्या घरात हा विषय निघाला की पानं वाढून तशीच राहतात. एका बाजूला माझा मेहुणा. त्याचं डोंबिवलीत नेट कॅफे होतं. लोकांच्या खिशात नेट आलं तसं ते बंद पडलं. आता त्याच गाळ्यात तो मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकतो आणि रात्री प्लेस्टेशनसमोर बसतो. दुसऱ्या बाजूला माझी मुलगी. पुण्यात एका स्टुडिओत ती एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट आहे, म्हणजे गेममधल्या भिंती, झाडं, चिखल, पडके वाडे ती उभे करते. स्टुडिओ काम करतो परदेशी प्रकाशकांसाठी. त्या दोघांचं एका रविवारचं बोलणं आठवतं तसं देतो. मला मध्ये तोंड घालावंसं वाटलं तिथे वेगळं बोललो आहे.

मामा : पाच हजारांच्या घरातला गेम. डिस्क टाकली, तासभर अपडेट उतरत बसलं, आणि सुरू झाल्यावर पहिल्याच मेनूत ‘स्टोअर’. अजून मी तलवार उपसलेली नाही आणि हे मला दुसरी तलवार विकतायत.

भाची : मामा, तू पाच हजारांना कधी गेम घेतलास? तुझ्या सगळ्या डिस्क सेकंडहँड आहेत.

मामा : म्हणूनच मला जास्त कळतं. यातलं बरंचसं आलंच मुळी आमच्यासारख्यांना धडा शिकवायला. ‘ड्रॅगन एज’ आठव, २००९ चा. शेल नावाचं ते दगडी पात्र. नवी डिस्क घेणाऱ्याला खोक्यात कोड, त्याला शेल फुकट. कोड एकदा वापरला की मेला. मग तीच डिस्क मी दुसऱ्याकडून घेतली तर शेलसाठी वेगळे १५ डॉलर. आणि त्याच गेममध्ये आपल्या छावणीत एक माणूस येऊन बसतो. घराण्यावरचा कलंक धुवायला मदत करा म्हणतो. चांगला गयावया करतो. आपण ‘हो’ म्हणायला जावं तर उत्तराच्या जागी खरेदीचं बटण!

भाची : त्या माणसाची वकिली मी करणार नाही. ज्या लेखकाने त्याचे संवाद लिहिले असतील त्यालाही ते बटण बघून कसंसंच झालं असेल.

मामा : मग?

भाची : मग काय? एक घाणेरडं उदाहरण घेऊन तू सगळ्यालाच चोरी म्हणतोस. तुझ्या कॅफेत पोरं काय खेळायची?

मामा : काउंटर-स्ट्राइक. आणि एज ऑफ एम्पायर्स.

भाची : एज ऑफ एम्पायर्स म्हणजे नेमकं कुठलं?

मामा : काँकरर्स. दुसरं कुठलं?

भाची : ते एक्स्पान्शन होतं. मूळ गेम ‘द एज ऑफ किंग्ज’, १९९९ चा. ‘काँकरर्स’ २००० साली वेगळ्या खोक्यात, वेगळ्या पैशांत आलं. अमेरिकेतल्या पोरांनी दोनदा पैसे मोजले. तू किती वेळा मोजलेस?

मामा : सीडीचे मोजले होते. कुठून आणायचो ते विचारू नकोस.

भाची : तेच म्हणते. तुला वाटतं पूर्वी गेम पूर्ण मिळायचा. पूर्ण मिळायचा कारण सीडी लिहून देणारा दोन्ही भाग एकत्र टाकून द्यायचा.

(माझ्या मते हा टोला वर्मी बसला. आपल्याकडच्या एका पिढीला एक्स्पान्शन म्हणजे काय हे कळलंच नाही, कारण तिच्यापर्यंत गेम कायम एकगठ्ठा आणि बेकायदा आला. पैसे भरून खेळायला लागल्यावर तिला एकदम वाटलं की कंपन्या हल्लीच लोभी झाल्या.)

मामा : बरं, ते राहू दे. पण फरक बघ. ‘किंग्ज’मध्ये १३ सत्ता होत्या. ‘काँकरर्स’ने ५ वाढवल्या. १३ सत्तांचा गेम कुणाला अपुरा वाटला नव्हता. लोक वर्षभर खेळले, धाले, आणि मग दुसरं खोकं आलं. आधी गेम संपवायला वेळ द्या, मग माझ्याकडे या.

भाची : तो गेम आजही चालू आहे, आणि तो डीएलसीमुळे चालू आहे. १९९९ च्या गेमला आज दुरुस्त्या मिळतात, स्पर्धा होतात. २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ आलं. आधी सगळा भारत एकाच सत्तेत कोंबला होता. त्यांनी त्याचे हिंदुस्थानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर केले.

मामा : मराठे नाहीत त्यात.

भाची : काळ मध्ययुगाचा आहे मामा. आणि मुद्दा तो नाही. ज्याने डीएलसी घेतलं नाही तोसुद्धा घेणाऱ्याशी खेळू शकतो. तुझ्याकडे गुर्जर नसले तरी गुर्जरांविरुद्ध लढता येतं. कुणाची टीम फुटत नाही. याहून न्याय्य काय असतं?

मामा : लढता येतं म्हणे! गुर्जर आले तेव्हा मी लढलोय. ते बाण चुकवणारे घोडेस्वार. बाण मारून मारून हात दुखले. पैसे देऊन घ्यायची सत्ता आधी जबरदस्त असते, सगळ्यांनी घेतली की मग तिची नखं काढतात.

भाची : नवी सत्ता तोलायची तर लाखो सामने व्हावे लागतात. ते बाजारात आल्यावरच होतात. अंदाज चुकतो.

मामा : चुकतो ना. मग नव्या सत्ता दुबळ्या का येत नाहीत कधी? अंदाज दर वेळी माझ्या खिशाकडेच कसा झुकतो?

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. काही नव्या सत्ता दुबळ्याही आल्या असतील, पण ते सांगायला तिला तेव्हा सुचलं नाही.

मामा : आता ‘मास इफेक्ट’ घे. तिसरा भाग, मार्च २०१२. पहिल्या दोन भागांत ज्यांचं नाव ऐकून ऐकून कान किटले ती प्रोथियन जमात. ५० हजार वर्षांपूर्वी संपलेली. तिसऱ्या भागात त्यांच्यातला एक जिवंत सापडतो. एवढी मोठी गोष्ट! आणि तो असतो कुठे? वेगळ्या १० डॉलरच्या डीएलसीत, आणि तेही गेम आला त्याच दिवशी. लोकांनी डिस्क उचकटून बघितली तर त्या पात्राचा सांगाडा डिस्कवरच. म्हणजे माझ्या घरात आलेल्या वस्तूला तुमचं कुलूप.

भाची : आता मला पुरतं बोलू दे. गेम बनतो कसा ते सांगते. पात्रं, जागा, आवाज ही कामं आधी उरकतात. एका तारखेला सांगतात, आता नवीन काही आत घालायचं नाही. त्यानंतर कित्येक आठवडे, कधी महिने, नुसते बग काढायचे. मग गेम सोनीकडे, मायक्रोसॉफ्टकडे तपासायला जातो. नापास झाला की दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. मग डिस्क छापायच्या, देशोदेशी पोचवायच्या. एवढा वेळ माझ्यासारख्यांनी करायचं काय? बग बहुतेक प्रोग्रॅमरचे. आमच्यापुढे दोन वाटा असतात. एक तर डीएलसीवर लावतात, नाही तर घरी पाठवतात. गेम संपला की माणसं कमी करायची ही या धंद्यातली जुनी रीत आहे. आमच्या टीमचा पगार काही महिने डीएलसीच्या वेगळ्या बजेटमधूनच येतो. तुला वाटतं, डीएलसी नसतं तर ते काम गेममध्ये फुकट आलं असतं. तसं होत नाही. ते काम झालंच नसतं.

मामा : मग डिस्कवर कसं गेलं?

भाची : नंतर येणाऱ्या पात्राला उभं राहायला जागा मूळ गेममध्येच ठेवावी लागते. बाकीची पात्रं त्याच्याशी बोलणार, तो जहाजात फिरणार. त्यासाठी थोडी बांधणी आधीच आत जाते. ‘मास इफेक्ट’वाल्या बायोवेअरने तेव्हा हेच सांगितलं होतं. वेगळी टीम, मूळ गेम उरकल्यावरचं काम.

मामा : आणि कॅपकॉमने काय सांगितलं होतं? तोच महिना, तेच वर्ष. ‘स्ट्रीट फायटर क्रॉस टेक्केन’. १२ लढवय्ये डिस्कवर, कुलपात. नंतर २० डॉलरची किल्ली.

भाची : ती लबाडी होती.

मामा : बघ! आणि दुकानात उभा राहिलो की मला दोन्ही सारखंच दिसतं.

मेहुण्याचा राग पैशांवर आहे असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. तो पैशांवर नाही. एक भाग माणसं रिकामी होती म्हणून बनला, दुसरा हातचा राखून ठेवला. विकताना दोन्हींवर पाटी एकच. कात्री कधी चालली, कुणी चालवली, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. मुलगी म्हणते ते खरं असेल, किंबहुना बऱ्याचदा खरंच असतं, पण तिच्या शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे मेहुण्याच्या हातात काही नाही. आणि शब्द देणारी ती नसते, जाहिरात खाते असतं.

मामा : ‘असुराज रॅथ’ तर विसरूच नकोस. तेही २०१२, तेही कॅपकॉम. खरा शेवट डीएलसीत! तिकीट काढून नाटकाला जायचं, दोन अंक बघायचे, पडदा पडला की दाराशी तिसऱ्या अंकाचं तिकीट.

भाची : त्याला कुणीच चांगलं म्हणत नाही. पण मामा, तू पैशांचाही हिशेब कर की. अमेरिकेत नव्या गेमची किंमत २००५ मध्ये ६० डॉलर झाली. ७० व्हायला २०२० उजाडलं. १५ वर्षं किंमत जागच्या जागी. महागाई धरली तर २००५ चे ६० म्हणजे २०२० चे जवळपास ८०. आणि त्या १५ वर्षांत आमचं काम किती वाढलं? पूर्वी खडक म्हणजे चार पृष्ठभाग आणि त्यावर चिकटवलेलं चित्र. आता तू त्या खडकाला नाक लावून बघतोस आणि शेवाळ खोटं दिसतं म्हणून ओरडतोस.

मामा : मग किंमत वाढवा. सरळ सांगा, इतके होतील. पटलं तर घेईन.

भाची : २०२५ मध्ये निन्टेंडोने ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ८० डॉलरला काढला. तेव्हा तू काय म्हणाला होतास ते आठवतं का?

मामा : ते वेगळं.

भाची : वेगळं कसं?

मामा : मारिओ कार्टला कोण देतं ८० डॉलर!

(इथे थोडा वेळ मारिओ कार्टवर वाद झाला. तो मी गाळतो.)

भाची : म्हणजे किंमत वाढवायची नाही, वेगळं विकायचं नाही, आणि शेवाळ मात्र खरं हवं. हा खर्च भरून काढायचा कुणी? आमच्या पुण्यातली ‘राजी’ बघ. पुण्याच्या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये काढलेला गेम. त्याआधी त्यांची लोकवर्गणीची मोहीम फसली होती, तरी रेटून काढला. तूच खेळून म्हणालास ना, अर्ध्यावर संपल्यासारखी वाटते? उद्या त्यांनी पुढचा भाग डीएलसी म्हणून काढला असता तर तू त्यांनाही चोर म्हणाला असतास?

मामा : नसतो म्हणालो. घेतला असता.

भाची : का?

मामा : कारण त्यांच्याकडे नव्हतं म्हणून त्यांनी दिलं नाही, हे दिसतं. मोठ्यांकडे असतं आणि देत नाहीत. आणि छोटेच खरे उदार असतात, बघ. ऑस्ट्रेलियातली ती ‘हॉलो नाइट’वाली तीन माणसं. चार जोडण्या फुकट दिल्या. पाचवी करायला घेतली, ती हाताबाहेर वाढली, तर तिचाच वेगळा गेम केला. ‘सिल्कसाँग’. आला २०२५ मध्ये, किंमत २० डॉलर, आणि ज्यांनी सुरुवातीला वर्गणी दिली होती त्यांना तोही फुकट.

भाची : आणि तो यायला किती वर्षं लागली? तिघं जण आहेत आणि पहिला गेम तुफान खपला म्हणून जमलं. तीनशे माणसांच्या पगाराचं तसं चालत नाही.

मामा : बरं, मोठ्यांतला एक चांगला देतो मी तुला. ‘विचर ३’.

भाची : तो मीच देणार होते!

पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा ‘विचर ३’ मे २०१५ मध्ये आला. किरकोळ १६ डीएलसी त्यांनी फुकट वाटली. विकले ते दोनच मोठे भाग: ऑक्टोबर २०१५ मधला ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ १० डॉलरला आणि मे २०१६ मधला ‘ब्लड अँड वाइन’ २० डॉलरला. या दुसऱ्यात द्राक्षमळ्यांचा एक अख्खा नवा मुलूख होता, आणि त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम रोल-प्लेइंग गेमचं पारितोषिक त्याने पटकावलं. जोडलेल्या भागाने नव्याकोऱ्या गेमना मागे टाकलं. या एका बाबतीत मामा-भाचीचं इतकं जमतं की मला संशय येतो.

भाची : म्हणजे डीएलसी वाईट नाही, हे तू मान्य केलंस.

मामा : मी कुठे नाही म्हणालो? पण त्यांनीही एक केलं. त्या दोन भागांचा पास त्यांनी एप्रिल २०१५ मध्येच विकायला काढला. गेम यायच्या आधी! गेम कसा आहे तेच कुणाला माहीत नाही आणि त्याच्या पुढच्या भागांचे पैसे घ्यायचे. त्यांनी शब्द पाळला म्हणून आपण कौतुक करतो. त्याच वर्षीच्या ‘बॅटमन : आर्कम नाइट’चा सीझन पास ४० डॉलरचा होता. त्यात काय मिळणार ते धड सांगितलेलंही नव्हतं. आणि जूनमध्ये तो गेम पीसीवर इतका फाटका आला की कंपनीला पीसीवरची विक्री थांबवावी लागली. ज्यांनी पास घेतला होता त्यांनी काय करायचं?

भाची : सीझन पास मलाही आवडत नाही. आमच्या बाजूने सांगू? पास विकला गेला की त्यात काय काय देणार याची यादी आधीच ठरते. मग काम करताना कळतं की यातली एक गोष्ट फसतेय. तरी ती करावीच लागते, कारण विकून झालेली असते. मीही एकदा अशाच एका नकाशावर राबलेय. वाईट आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मामा : हे तू मला आधी का नाही सांगितलंस?

भाची : तू आधी चोर म्हणतोस ना, मग कोण सांगणार?

थोडा वेळ दोघंही गप्प होते. बायकोने आमटी दुसऱ्यांदा गरम केली.

मामा : तुला गंमत सांगू? मला आता जुनं डीएलसी बरं वाटायला लागलंय. ‘कॉल ऑफ ड्यूटी’चे नकाशे १५ डॉलरला विकायचे तेव्हा मी किती बोंब मारायचो. ज्याच्याकडे नकाशे नाहीत तो मित्रांच्या खेळाबाहेर. २०१९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’पासून नकाशे फुकट झाले. मला वाटलं, जिंकलो. आणि त्या जागी काय आलं? बॅटल पास. दर सीझनला नवा. आमच्या चिरंजीवांचं बीजीएमआय बघ. गेम फुकट. मग यूसी, म्हणजे त्यातलं चलन, विकत घ्या, रॉयल पास घ्या, मग सीझन संपायच्या आत रोज खेळून पासची वसुली करा, नाही तर पैसे वाया. नकाशा निदान एकदा घेतला की मिटलं. हा पोरगा बंदुकीच्या रंगासाठी रात्रीचा जागतो.

भाची : लूट बॉक्स तर त्याहून वाईट. आत काय निघेल ते न सांगता विकायचं. २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स : बॅटलफ्रंट टू’च्या वेळी तो काढणाऱ्या ईए कंपनीवर लोक तुटून पडले. डार्थ व्हेडर मिळवायला ६० हजार क्रेडिट, म्हणजे तासन् तास खेळत बसा, नाही तर पैसे टाकून खोकी फोडा. कंपनीने खुलासा केला तर त्या खुलाशाला सहा लाखांवर नापसंती पडल्या. शेवटी गेम यायच्या काही तास आधी पैशांची खरेदी थांबवावी लागली. २०१८ मध्ये बेल्जियमने तर असल्या खोक्यांना जुगारच ठरवलं. ‘फोर्टनाइट’वाल्या एपिकला अमेरिकेत २०२२ मध्ये साडेचोवीस कोटी डॉलर गिऱ्हाइकांना परत द्यायचं कबूल करावं लागलं, खरेदीचं बटण चुकून दाबलं जाईल अशी मांडणी केली म्हणून.

मामा : म्हणजे तुम्ही लोक मांडणीच तशी करता!

भाची : ‘तुम्ही लोक’ म्हणजे मी नाही. मी झाडं करते.

मामा : झाडांच्या मागे बटण असतं.

भाची : असतं. ते कुठे ठेवायचं हे ठरवणारा विभाग वेगळा आहे. आमच्याकडे फक्त फाइल येते.

(एवढ्यावरून मी मुलीला निर्दोष ठरवतो, आणि ते बापाचं मत आहे हे वाचकांनी लक्षात घ्यावं.)

मामा : आणि ‘डेस्टिनी २’चं काय? माझ्या डोक्यातून ते जात नाही. मी २०१७ मध्ये गेम घेतला. ‘कर्स ऑफ ओसायरिस’ घेतलं, पुढच्या वर्षी ‘वॉरमाइंड’ घेतलं. रोख पैसे देऊन. २०२० च्या नोव्हेंबरात बंगी कंपनीने हे सगळं गेममधून काढून टाकलं. मूळ मोहीमसुद्धा! माझ्याकडे डिस्क आहे, पावती आहे, आणि घेतलेली वस्तू नाही.

भाची : गेम फार फुगला होता. प्रत्येक दुरुस्तीला जुना सगळा भाग पुन्हा तपासावा लागतो, म्हणून जुनं कपाटात ठेवतोय असं त्यांनी सांगितलं.

मामा : कपाट कुणाच्या घरात?

भाची : त्यांच्या.

मामा : तू याचीही बाजू घेणार?

भाची : नाही घेणार. मला त्याचा तुझ्यापेक्षा जास्त राग आहे. तुझे पैसे गेले. ज्यांनी ते चंद्र, ते बोगदे, ते आकाश केलं त्यांचं काम गेलं. नोकरीसाठी कुणाला दाखवायचं म्हटलं तरी यूट्यूबवरच्या चित्रफिती दाखवायच्या. डीएलसी महाग असेल, छोटं असेल, ते मी समजू शकते. पण विकल्यावर काढून घ्यायचं नाही. कायद्याने म्हणे तू फक्त वापरायचा परवाना घेतलेला असतोस. कॅलिफोर्नियात २०२५ पासून डिजिटल माल विकताना हे स्पष्ट सांगावं लागतं. सांगितलं म्हणजे झालं का?

मामा : निदान सांगतात तरी. माझं मागणं एवढंच आहे. विकताना सांगा: हे कधी बनवलं, मूळ गेममधून काढलंय का, आणि किती दिवस राहील. मग मी १० देईन, २० देईन. नाही पटलं तर नाही देणार.

भाची : असं कुणी छापणार नाही.

मामा : का?

भाची : कारण खरं उत्तर कुणा एकाला माहीत नसतं. एखादी गोष्ट आधी गेममध्ये असते, मग वेळ नाही म्हणून बाहेर जाते, मग सहा महिन्यांनी कुणी तरी म्हणतं, ती घेऊ या डीएलसीत. ती काढलेली म्हणायची की नवी?

मामा : बरं, सरळ विचारतो. आत्ता तुम्ही जे करताय त्यातलं काही मागे ठेवलंय?

भाची : ते सांगता येणार नाही. गेमचं नावसुद्धा सांगता येत नाही, करारात आहे.

मामा : घ्या! सख्ख्या मामाला सांगता येत नाही, आणि मी दुकानात बसून ओळखायचं.

भाची : मागच्या कामाचं सांगते, नाव न घेता. त्यात मी एक बारव केली होती. आपल्याकडच्या बारवांचे फोटो समोर ठेवून. खाली उतरत जाणारे टप्पे, कोनाडे, तळाशी हिरवं पाणी. ती कट झाली. डीएलसीसाठी नाही, नुसतीच कट झाली. कॅमेरा खाली वळला की गेम अडखळायचा, आणि दुरुस्तीला दिवस नव्हते. आता ती सर्व्हरवर कुठल्या तरी फोल्डरमध्ये पडलीये. मला विचारशील तर ती डीएलसीत गेली असती तर मी पेढे वाटले असते. कुणी तरी उतरलं असतं तिच्यात.

मामा : मी घेतली असती.

भाची : शिव्या देत.

मामा : शिव्या देत. किती लावले असते तिचे?

भाची : ते मला काय माहीत? ते ठरवणारी माणसं आमच्या ऑफिसात बसत नाहीत.